तह मोडण्याचा अधिकार कोणाचा?

तह कोणी करावा हे जगातील बहुतेक राज्यघटना सांगतात. तो मोडावा कोणी, याविषयी त्यांतील बऱ्याच मौन पाळून असतात. अमेरिकेची राज्यघटना वर्गात शिकवीत असताना दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी विद्यार्थी हटकून विचारतो, की अध्यक्षाला तह करावयाचा तर हजर सेनेटरांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते, मग त्याच तहातून बाहेर पडावयाचे तर ती का लागू नये? प्रश्न अगदी सरळ आहे. उत्तर मात्र तितके सरळ नाही. ते शोधण्यासाठी आपण नेहमी वॉशिंग्टनची वाट धरतो. माझ्या मते आपल्या भागातील विद्यार्थ्याने प्रथम कुरुंदवाडपर्यंत जावे आणि मग वॉशिंग्टनला. प्रस्तुत लेखात तोच क्रम ठेवला आहे.

आधी एक खुलासा केलेला बरा. अमेरिकेचा अध्यक्ष हा स्वतः कारभार करणारा असतो. आपले राष्ट्रपती घटनेच्या ७४ व्या कलमानुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. तेव्हा भारतात ‘राष्ट्रपतींचा अधिकार’ असे जेथे म्हटले जाते तेथे मंत्रिमंडळाचा अधिकार असे समजून चालावे. दुसरी गोष्ट शब्दांची. मराठीत परक्या राजाशी होतो तो तह आणि घरादारात, बाजारात होतो तो करार, असा भेद आपण करतो. याच अंकाच्या कन्नड विभागात हा विषय कोणी लिहिला तर त्याला दोन्हींसाठी ‘ओप्पंद’ हा एकच शब्द पुरेल. ‘ओप्पु’ म्हणजे कबूल होणे, त्यावरून तो आला. आणि खरोखर मुद्दा तोच आहे. जे एकदा कबूल केले ते नाकबूल करण्याचा हक्क कोणाकडे असतो?

आपला हा सारा टापू तहांनी विणलेला होता. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८१९ साली कंपनी सरकारने सांगलीच्या पटवर्धनांशी तह केला; दक्षिण महाराष्ट्रातील इतर जहागीरदारांशीही तसेच तह झाले. सांगली, मिरज, जमखंडी आणि कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने. त्यांच्या शेजारी मुधोळचे घोरपडे, रामदुर्गचे भावे, वर कोल्हापूर, खाली सावंतवाडी. आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, हे नव्या विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाताना माणूस तहाची रेषा ओलांडीत असे.

हे सारे तह संपले कसे? ते संस्थानिकांनी मोडले नाहीत, व्हाइसरॉयनेही मोडले नाहीत. ब्रिटिश पार्लमेंटने १९४७ साली भारतीय स्वातंत्र्याचा कायदा केला. त्याच्या सातव्या कलमाने ब्रिटिश राजाची संस्थानांवरील अधिसत्ता संपली आणि तिच्याबरोबर संस्थानांशी असलेले तह व करारही संपले. म्हणजे सव्वाशे वर्षांचे तह एका कायद्याच्या एका कलमाने गेले. पण ते कायद्याने गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर संस्थानिकांनी सामीलनाम्यांवर सह्या केल्या आणि पुढे विलीनीकरणाचे करार झाले. कुरुंदवाड धाकटी पातीचे अधिपती रघुनाथराव गणपतराव यांनी १९ फेब्रुवारी १९४८ रोजी भारत सरकारशी विलीनीकरणाचा करार केला. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आले. राज्य सोडण्याच्या बदल्यात संस्थानिकांना वार्षिक तनखा आणि काही वैयक्तिक मानमरातब मिळावयाचे होते. सरदार पटेलांनी १२ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत या तनख्यांचे समर्थन केले आणि ते वचन घटनेतच घातले गेले. २९१ व्या कलमाने तनखा भारताच्या संचित निधीवर भारित केला. ३६२ व्या कलमाने मानमरातबांची योग्य ती दखल घ्यावी असे सांगितले. याउलट ३६३ व्या कलमाने अशा करारांतून उद्भवणारे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. आणि ३६६ व्या कलमाच्या २२ व्या खंडात ‘संस्थानिक’ म्हणजे कोण याची व्याख्या केली: ज्याने करार केला आणि ज्याला राष्ट्रपतींनी त्या वेळेपुरती मान्यता दिली आहे तो, किंवा त्याचा मान्यता मिळालेला वारस. पुढचे सारे रामायण या ‘मान्यता’ शब्दातून घडले.

१९७० साली तनखे बंद करण्याचे विधेयक संसदेत आले. सगळ्या तनख्यांची मिळून रक्कम तेव्हा वर्षाला सुमारे ४.८ कोटी रुपये होती. तिजोरीच्या मानाने ती क्षुल्लक असली तरी समतेच्या तत्त्वावर उभ्या असलेल्या देशात जन्मसिद्ध तनखा शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू लहान नव्हती. लोकसभेने विधेयक दोन तृतीयांशांच्या बहुमताने मंजूर केले. ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत मतदान झाले: बाजूने १४९, विरुद्ध ७५. एकूण मते २२४. त्यांचे दोन तृतीयांश होतात १४९ आणि वर एक तृतीयांश. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने घटनादुरुस्ती पडली!

येथवर काही विशेष घडले नव्हते; विधेयके पडतातच. विशेष घडले ते त्यानंतरच्या काही तासांत. मंत्रिमंडळाची बैठक झाली. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्या वेळी हैदराबादला होते. तेथे त्यांची सही घेण्यात आली आणि ६ सप्टेंबर १९७० च्या आदेशाने देशातील सर्व संस्थानिकांची मान्यता एकदम काढून घेण्यात आली. युक्तिवाद असा की, मान्यता देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला ती काढण्याचाही आहे. मान्यता गेली की संस्थानिक उरला नाही, आणि संस्थानिक उरला नाही की तनखा कोणाला द्यावयाचा? घटनेतील २९१ वे कलम जागच्या जागी राहिले, पण त्याचा लाभ घेणारा एकही माणूस देशात शिल्लक राहिला नाही. तहातून बाहेर पडण्याची याहून चतुर युक्ती मला तरी ठाऊक नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे ११ न्यायमूर्ती या खटल्यासाठी बसले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला अध्यक्षस्थानी होते आणि संस्थानिकांच्या वतीने नानी पालखीवाला उभे होते. माधवराव शिंदे यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. १५ डिसेंबर १९७० रोजी निकाल लागला. नऊ न्यायमूर्ती एका बाजूस आणि ए. एन. रे व जी. के. मित्तर हे दोघे दुसऱ्या बाजूस. आदेश रद्द ठरला.

सरकारचे म्हणणे थोडक्यात असे होते. इंग्रजांच्या अधिसत्तेत संस्थानिकाला मानावे की न मानावे हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर असे, ती अधिसत्ता आपल्याकडे आली. मान्यता हे राजकीय कृत्य आहे, न्यायालयाने त्यात पडू नये. आणि ३६३ व्या कलमाने दार बंदच केले आहे. बहुमताने यातील एकही गोष्ट मानली नाही. अधिसत्ता १९४७ साली संपली. ती वारसाहक्काने कोणाकडे गेली नाही. स्वतःच्या नागरिकांविरुद्ध सरकारला ‘राज्यकृत्या’ची ढाल पुढे करता येत नाही. मान्यतेचा अधिकार आहे तो अमुक संस्थानाचा वारस कोण हे ठरविण्यासाठी. संस्थानिक हा वर्गच नाहीसा करण्यासाठी नव्हे. तनखा आता केवळ करारातून येत नाही, तो घटनेच्या कलमातून येतो. आणि घटनेची कलमे निकामी करावयाची तर त्याचा रस्ता घटनादुरुस्तीचा आहे, आदेशाचा नव्हे.

संस्थानिकांविषयी मला विशेष कळवळा नाही, हे येथे सांगून टाकतो. या निकालाचे महत्त्व कोणाला पैसे मिळाले यात नाही. नाही तरी ते फार काळ मिळाले नाहीत. लोकसभा बरखास्त झाली, मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला दोन तृतीयांश बहुमत मिळाले, आणि २८ डिसेंबर १९७१ रोजी २६ वी घटनादुरुस्ती अमलात आली. २९१ आणि ३६२ ही दोन्ही कलमे गळाली. जे सप्टेंबर १९७० मध्ये एका रात्रीत करावयाचे होते तेच जवळजवळ सोळा महिन्यांनी झाले. मध्ये एक निकाल, एक सार्वत्रिक निवडणूक आणि दोन्ही सभागृहांतील मतदान एवढे पडले.

आता कुरुंदवाड. रघुनाथराव गणपतराव यांनी १९७२ साली या घटनादुरुस्तीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. राष्ट्राने दिलेले वचन हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, त्याला संसदही हात लावू शकत नाही, असा त्या आव्हानाचा सारांश. म्हैसूरच्या वाडियार घराण्याची याचिकाही पुढे याच्याबरोबर चालली. निकाल लागावयास १९९३ साल उजाडले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ४ फेब्रुवारी १९९३ रोजी दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘रघुनाथराव गणपतराव विरुद्ध भारत सरकार’ या नावाने आहे. देशभरचे विद्यार्थी ते नाव घोकतात. ते नरसोबाच्या वाडीजवळच्या आपल्या कुरुंदवाडचे, हे मात्र थोड्यांना माहीत असते.

१९७० आणि १९९३ चे निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. वचन तेच, ते मोडणारे राष्ट्रही तेच. पहिल्या वेळी मोडता आले नाही, दुसऱ्या वेळी आले. वचन पवित्र आहे म्हणून न्यायालयाने पहिला आदेश रद्द केला असता तर दुसऱ्या वेळीही त्याला तसेच करावे लागले असते. फरक पडला तो एवढ्याने की १९७० मध्ये विधिमंडळ आधीच बोललेले होते. घटना समितीने ते वचन कलमांत लिहून ठेवले होते, आणि राज्यसभेने आदल्याच दिवशी ते पुसण्यास नकार दिला होता. जेथे विधिमंडळ बोलले आहे तेथे कार्यकारी सत्तेला एकटीने माघारी फिरता येत नाही. जेथे ते बोललेले नाही तेथे? याच प्रश्नासाठी आता अमेरिकेकडे वळू.

कोणी म्हणेल की संस्थानिकांचे करार म्हणजे परराष्ट्रांशी केलेले तह नव्हेत. बरोबर आहे. १९५० नंतर ते देशांतर्गत करार होते. परंतु आपल्याच घटनेचे ३६३ वे कलम तह, करार, सनदा यांची नावे एका ओळीत घेते, आणि सरकारचा १९७० मधील सारा युक्तिवाद परराष्ट्रव्यवहाराच्याच भाषेत होता. तुलना करावयास तेवढे पुरे.

अमेरिकेत अगदी आरंभी, १७९८ साली, फ्रान्सशी असलेले तह काँग्रेसने कायदा करून रद्द केले. पुढे मात्र अध्यक्षांनी हे काम हळूहळू आपल्या हातात घेतले. डिसेंबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तैवानशी असलेला १९५४ चा संरक्षण तह संपविण्याची घोषणा केली. सेनेटर गोल्डवॉटर आणि काही सहकारी न्यायालयात गेले. डिसेंबर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा काढून टाकला. चार न्यायमूर्ती म्हणाले की हा राजकीय प्रश्न आहे. न्यायमूर्ती पॉवेल यांचे कारण निराळे होते आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. काही सदस्य तक्रार करीत आहेत, पण काँग्रेसने सभागृह म्हणून अध्यक्षांना विरोध केलेलाच नाही. दोन सत्तांमध्ये पेच पडलेला नसताना न्यायालयाने काय सोडवावे, असा त्यांचा आशय. आपल्याकडील राज्यसभेने नेमका तो पेच पाडला होता. गोल्डवॉटर हरले आणि माधवराव शिंदे जिंकले, यामागे न्यायमूर्तींच्या स्वभावापेक्षा हा फरक अधिक आहे.

अमेरिकन काँग्रेसने यातून धडा घेतला, पण सावकाश. २०२० साठीच्या संरक्षण कायद्यात तिने अशी अट घातली की, ‘मोकळे आकाश’ तहातून बाहेर पडण्याची नोटीस देण्यापूर्वी किमान १२० दिवस काँग्रेसला कळवावे. मे २०२० मध्ये प्रशासनाने ते १२० दिवस न थांबता नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिका बाहेर पडली. अटच घटनाबाह्य आहे, असे सरकारच्या विधी सल्लागारांनी नंतर लिहून दिले. तेव्हा विधिमंडळाने बोलावे हे खरे, पण नुसते ‘कळवा’ म्हणून भागत नाही. डिसेंबर २०२३ मधील कायदा याहून कडक आहे. सेनेटच्या दोन तृतीयांशांची संमती किंवा काँग्रेसचा स्वतंत्र कायदा असल्याशिवाय अध्यक्षाने नाटो करारातून बाहेर पडू नये, तो स्थगितही करू नये, आणि त्या कामासाठी सरकारी पैसा खर्चू नये, असे त्यात लिहिले आहे. हात बांधावयाचे तर थैलीचे तोंड बांधावे, ही युक्ती जुनी आहे.

इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांची उदाहरणे थोडक्यात सांगतो. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस मंत्रिमंडळाने केवळ राजाधिकाराच्या जोरावर देऊ नये, त्यासाठी पार्लमेंटचा कायदा हवा, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी आठ विरुद्ध तीन मतांनी दिला. त्या तहामुळे नागरिकांना मिळालेले हक्क पार्लमेंटच्या १९७२ च्या कायद्यातून आले होते. तहातून उठून गेले की तो कायदा पोकळ होणार होता. आपल्या २९१ व्या कलमाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून माघार घेण्याची दक्षिण आफ्रिकन सरकारची नोटीस रद्द केली, कारण जो तह संसदेच्या संमतीने स्वीकारला तो सोडतानाही संसदेला आधी विचारावयास हवे होते. सरकारने ती नोटीस मार्चमध्ये मागे घेतली.

मग भारतात स्थिती काय आहे? घटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या यादीत १४ वी नोंद आहे. तीत परदेशांशी तह करणे आणि ते अमलात आणणे हे दोन विषय दिले आहेत. मोडणे हा शब्द तेथे नाही. २५३ व्या कलमाने तह अमलात आणण्यासाठी संसदेला सबंध देशासाठी कायदा करता येतो, विषय राज्यांच्या यादीतील असला तरीही. ७३ व्या कलमाने तहाखालील हक्क बजावण्याचे काम केंद्राच्या कार्यकारी सत्तेकडे आहे. तह करण्याची रीत ठरविणारा कायदा संसदेने करावा, अशी शिफारस न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनरावलोकन आयोगाने २००२ साली केली. तसा कायदा झालेला नाही. परिणामी तह करणे आणि त्यातून बाहेर पडणे, दोन्ही मंत्रिमंडळाच्या हाती आहे.

एक अपवाद ठळक आहे, तो जमिनीचा. बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याचा करार झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली मत दिले की देशाची भूमी परक्याला द्यावयाची तर घटनादुरुस्ती हवी. कच्छच्या निवाड्यानंतर १९६९ साली तेच न्यायालय म्हणाले की जेथे सीमाच वादग्रस्त आहे तेथे ती निश्चित करण्यासाठी दुरुस्तीची गरज नाही. बांगलादेशाशी १९७४ मध्ये झालेला सीमाकरार पुरता अमलात यावयास २०१५ ची १०० वी घटनादुरुस्ती लागली, एकेचाळीस वर्षे! (आपल्या भागातील वाचकाला सीमा म्हटले की दुसराच प्रश्न आठवतो. तो राज्याराज्यांतील सीमेचा. तिसऱ्या कलमाखाली संसद तो साध्या बहुमताने सोडवू शकते. त्याचा येथे संबंध नाही.)

जमिनीखेरीज इतर तहांचे काय होते याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०१६ साली भारताने ५८ देशांना गुंतवणूक संरक्षणाचे द्विपक्षीय करार संपविण्याच्या नोटिसा दिल्या. त्या करारांखाली परदेशी कंपन्या सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू लागल्या होत्या. निर्णयाला कारणे होती, पण ५८ करारांपैकी एकाच्याही समाप्तीवर संसदेत मतदान झाले नाही. दुसरे उदाहरण सिंधू पाणी कराराचे. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सह्या झालेल्या या कराराच्या १२ व्या कलमानुसार, दोन्ही सरकारांनी अनुसमर्थन दिलेला दुसरा करार होईपर्यंत तो चालू राहावयाचा आहे. एकतर्फी बाहेर पडण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने करार स्थगित ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. तोही संसदेच्या मताने झालेला नव्हता.

अशा प्रसंगी संसदेची वाट पाहत बसावे काय, असे विचारणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. युद्धजन्य काळात तासांचा हिशेब असतो आणि सभागृह काही आठवड्यांनी भरते. परंतु ही अडचण स्थगितीपुरती आहे. आज स्थगित केलेला करार उद्या पुन्हा सुरू करता येतो. कायमची माघार घेतली तर समोरच्याच्या मर्जीवाचून परत येणे नाही. म्हणून तातडीची स्थगिती मंत्रिमंडळाकडे, आणि ठराविक दिवसांत संसदेची संमती न मिळाल्यास ती आपोआप संपावी, अशी तरतूद करता येण्यासारखी आहे. वटहुकुमाविषयी आपली घटना हेच करते: अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी नाही तर वटहुकूम संपला. कायमच्या माघारीची नोटीस मात्र आधी दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी. ब्रिटनने २०१० च्या कायद्याने तहाच्या अनुसमर्थनापूर्वी तो २१ बैठकीचे दिवस पार्लमेंटपुढे ठेवण्याची अट घातली, पण माघारीचा त्यात उल्लेखच केला नाही. तो विसर आपण टाळावा. यासाठी घटनादुरुस्तीही नको. तह करण्याचा विषय संसदेच्या यादीत आहे आणि यादीत न सांगितलेले विषयही ९७ व्या नोंदीने संसदेकडेच येतात.

हे सारे दिल्लीचे, आपला काय संबंध, असे निपाणीच्या विद्यार्थ्याला वाटेल. त्याने आपल्या गावच्या तंबाखूच्या वखारींकडे पाहावे. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक आरोग्य संघटनेचा आराखडा करार २००३ साली झाला. भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी त्याला अनुसमर्थन दिले आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. त्याचे १७ वे कलम तंबाखू पिकविणाऱ्यांना आणि त्यावर राबणाऱ्या कामगारांना दुसरा परवडणारा व्यवसाय मिळावा यासाठी सरकारांनी साहाय्य करावे असे सांगते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या निपाणीच्या शेतकऱ्यांच्या नातवंडांशी आणि विडी वळणाऱ्या हजारो बायकांशी या कलमाचा थेट संबंध आहे. त्याच कराराचे ३१ वे कलम बाहेर पडण्याची वाट सांगते: लेखी नोटीस द्यावी, ती पोचल्यापासून एक वर्षाने माघार अमलात येते.

समजा उद्या एखाद्या सरकारने अशी नोटीस दिली. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा कायदा संसदेने केलेला असल्यामुळे तो तसाच राहील; सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीला धक्का लागणार नाही. पाकिटावरील चित्राचा आकार नियमांनी ठरतो, तो सरकार बदलू शकेल. मात्र ते नियम सभागृहांपुढे ठेवावे लागतात. सतराव्या कलमातील वचनाचे तसे नाही. शेतकऱ्याला आणि विडी कामगाराला पर्यायी व्यवसाय देण्याविषयी संसदेने त्या कायद्यात काहीही लिहिलेले नाही, ते केवळ तहात आहे, आणि तहाबरोबर ते जाईल. नोटिशीनंतरच्या त्या वर्षात चिक्कोडी मतदारसंघातून लोकसभेत गेलेला सदस्य प्रश्न विचारू शकेल, ठराव मांडू शकेल, चर्चा मागू शकेल. मत देण्याचा प्रसंग त्याच्यावर येईलच असे आजच्या व्यवस्थेत कोठेही लिहिलेले नाही.